रविवार कोणाचा?

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या आखणीत 'धावपळीच्या काळात साधं आणि संथ जगणं' हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी जरा बिचकलेच. आपण शिबिरांत कायद्यावर बोलतो, हिंसाचारावर बोलतो, रेशन आणि रोजगारावर बोलतो. साधं जगणं हा विषय प्रवचनाला बरा, असं मनात आलं. मग नेहमीप्रमाणे मी तो आमच्या वस्तीतल्या गटाकडे नेला. मंगळवारच्या बैठकीत विचारलं, "बायांनो, संथ जगणं म्हणजे काय असतं?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एक जणी म्हणाल्या, "आजारी पडल्यावर असतं तसं का?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण हसणं ओसरल्यावर एकेक जण बोलू लागली. दिवसाउजेडी आडवं पडल्याचं बहुतेकींना फक्त बाळंतपणातलं किंवा दुखण्यातलं आठवत होतं. एक जण म्हणाली, "मला टायफॉईड झाला तेव्हा पंधरा दिवस घरात कुणी काम सांगितलं नाही. खरं सांगू का ताई, ताप होता तरी बरं वाटलं." ज्या समाजात बाईला विसावा मिळायला ताप यावा लागतो, तिथे हा विषय प्रवचनाचा राहत नाही, हक्काचा होतो. म्हणून आज मी त्याच बाजूने बोलणार आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या घरापासून करते, कारण चूक तिथेच झाली होती.

समाजकार्याचं शिक्षण घेत असताना मी साध्या राहणीच्या विचाराने भारावून गेले होते. गरजा कमी करायच्या, बाजाराच्या मागे धावायचं नाही, हे मला पटलेलं होतं आणि आजही पटतं. लग्नानंतर आम्ही दोघांनी ठरवलं, की घरात मिक्सर नको, धुलाईयंत्र नको, कपडे खादीचे वापरायचे, वाटण पाट्यावर करायचं. येणारे-जाणारे कार्यकर्ते कौतुक करायचे. आम्हा दोघांनाही ते आवडायचं. वर्षभरात माझ्या लक्षात आलं, की निर्णय दोघांचा असला तरी पाट्यापुढे मी एकटीच बसते. मग माझं वस्तीतलं काम वाढलं आणि आम्ही घरकामाला एका मावशींना बोलावलं. आता पाटा त्यांच्याकडे गेला आणि ओली, जड खादी पिळायचं कामही त्यांच्याकडे गेलं. आम्ही दोघं मात्र साधे राहिलो.

एके दिवशी मावशी कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "ताई, बाकीच्या चार घरांत मशीन आहे. तुमच्या घरचं साधंपण माझ्या मनगटाला लागतं." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांचं मनगट सुजलेलं मी रोज पाहत होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. कामगारांच्या हक्कावर मी वस्तीत जाऊन बोलत होते, आणि माझ्या घरातल्या तत्त्वाची किंमत मावशी महिन्याच्या पगारात भरत होत्या. पुढच्या महिन्यात आम्ही धुलाईयंत्र घेतलं. ते लावण्याचं आणि कपडे वाळत घालण्याचं काम नवऱ्याने घेतलं. मावशींचा पगार तोच ठेवला.

ही कबुली द्यायची मला लाज वाटत नाही, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही, तिला मोठा इतिहास आहे. साध्या राहणीचं नाव काढलं की आपल्याकडे गांधीजींचं नाव येतं. त्यांच्या आत्मकथेत दरबानच्या घरातला एक प्रसंग आहे. खोल्यांत लघवीची भांडी ठेवलेली असत आणि ती घरच्यांनीच स्वच्छ करायची, असा नियम गांधीजींनी घालून दिला होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातून आलेल्या एका ख्रिस्ती कारकुनाचं भांडं उचलताना कस्तुरबांना रडू आलं. गांधीजींना ते काम नुसतं व्हायला नको होतं, हसतमुखाने व्हायला हवं होतं. भांडण इतकं वाढलं, की त्यांनी कस्तुरबांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. हे त्यांनी स्वतः पश्चात्तापाने लिहून ठेवलं आहे, हा त्यांचा मोठेपणा. ते स्वतःही ही कामं करत, हेही खरं. आणि घाण उचलण्याचं काम एका जातीच्या माथी मारणं चूक आहे, हे तत्त्व तर शंभर टक्के बरोबर होतं. पण कस्तुरबांना कोणी विचारलं होतं का? तत्त्व एकाचं, हुकूमही त्याचाच आणि राबणारे हात दुसरीचे, ही रचना ओळखायला आपण शिकलं पाहिजे.

आता 'पूर्वीचं संथ जीवन' या गोष्टीकडे येऊ. शहरातली धावपळ नकोशी झाली की माणसं म्हणतात, पूर्वी गावात कसं निवांत होतं. चूल, जातं, आड, अंगणातली बाज. यातली बाज सोडली तर बाकी सगळी बाईच्या कामाची ठिकाणं आहेत. पहाटे उठून दळण, मग पाणी, मग सरपण, मग शेत. गाव संथ होतं ते पारावर बसणाऱ्यांसाठी.

जात्यावरच्या ओव्यांचं आपल्याला फार प्रेम आहे, आणि ते असायलाच हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शिकण्याची संधी न मिळालेल्या बायांनी एवढं मोठं साहित्य निर्माण केलं, हा आपला वारसा आहे. पण मी एकदा आमच्या वस्तीतल्या एका आजींना विचारलं, "जातं गेलं त्याचं वाईट वाटतं का?" त्या म्हणाल्या, "जातं गेलं ते बरं झालं, माझे खांदे वाचले. पण जावेसंगं बसायचं गेलं ते वाईट झालं. तिथं मनातलं बोलता यायचं, सासूला ऐकू जायचं नाही."

मला वाटतं, आजींनी या विषयाची उकल करून दिली आहे. जात्यात दोन गोष्टी होत्या, एक कष्ट आणि दुसरी सोबत. गिरणी आली आणि तिने कष्ट नेले, पण सोबतही नेली. आपल्याला संथपणा हवा आहे म्हणजे कष्ट परत हवे आहेत असं नाही. आपल्याला ती समोरासमोर बसण्याची, मनातलं बोलण्याची वेळ परत हवी आहे. साध्या राहणीचा पुरस्कार करणारी बरीच मंडळी मात्र नेमकं उलटं करतात. ती कष्ट परत आणतात आणि वेळ आणत नाहीत.

मग यंत्रांनी प्रश्न सुटतो का? तसंही नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी गृहिणीच्या कामाचे तास अपेक्षेइतके कमी का झाले नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. यंत्रामुळे काम हलकं झालं, पण कामाचा दर्जा किती असावा याच्या अपेक्षा वाढल्या, आणि पूर्वी घरातली पुरुषमंडळी आणि मुलं जी कामं करत, तीच बहुतांशी बंद झाली. आपल्याकडे वेगळं काय झालं? धुलाईयंत्र आलं आणि रोज धुतलेली चादर हवी झाली. गॅस आला आणि डब्यात रोज वेगळा पदार्थ हवा झाला. मोबाईल आला आणि शाळेच्या सूचना रात्री दहा वाजता आईच्या फोनवर येऊ लागल्या, की उद्या मुलाला हिरवा सदरा आणि तीन पानं घेऊन पाठवा. वडिलांचा नंबर त्या गटात बहुतेक वेळा नसतोच.

मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायांसाठीची लोकल सुरू झाली. ती आपल्याला हवीच होती. पण त्या डब्यांत बायका संध्याकाळी काय करतात? भाजी निवडतात, मटार सोलतात. लोक याचे फोटो काढतात आणि जिद्दीचं कौतुक करतात. मला त्यात दिसतं ते असं, की कामावरून सुटलेल्या बाईची दुसरी पाळी घरी पोचण्याच्या आधीच सुरू झालेली असते.

नव्वदच्या दशकात मी लहान होते, पण आपल्या चळवळीचे त्या काळातले जुने अंक मी वाचले आहेत. त्यांत चंगळवादावर पुष्कळ लिहिलं गेलं. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर बाजार घरात घुसतो आहे, हा इशारा योग्यच होता. आज तो बाजार काही मिनिटांत कोथिंबीर दारात आणून देतो. ती मिनिटं कोणाची? सिग्नल तोडून दुचाकी दामटणाऱ्या एखाद्या पोराची, आणि तो सुखरूप घरी येईपर्यंत दाराकडे डोळे लावून बसलेल्या त्याच्या आईची. म्हणजे साधेपणाचा भार जसा दुसऱ्याच्या मनगटावर पडतो, तसाच वेगाचाही पडतो. म्हणून साधं की आधुनिक, संथ की वेगवान, असा नुसता वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. वेळ कोणाचा जातो आणि कोणाचा वाचतो, हे आधी विचारायला हवं.

याचं उत्तर आता सरकारी आकड्यांतही आहे. आपल्या देशात वेळेच्या वापराची पहिली पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशभरची पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. २०१९ च्या पाहणीत घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. २०२४ च्या पाहणीत अशी कामं करणाऱ्या स्त्रियांचा रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात गेला, आणि जे पुरुष ती करतात त्यांची ८८ मिनिटं गेली.

आता माझ्याबरोबर हिशेब करा. फरक २०१ मिनिटांचा. आठवड्याचे सात दिवस धरले तर १४०७ मिनिटं, म्हणजे साडेतेवीस तासांच्या आसपास. आठवड्यातला जवळजवळ एक पूर्ण दिवस आणि रात्र. आणि ही तुलना घरात काहीतरी हातभार लावणाऱ्या पुरुषांशी आहे, काहीच न करणाऱ्यांशी नाही. बायांचा रविवार कुठे गेला, ते हे आकडे सांगतात.

रविवारचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. रविवारची सुट्टी आपल्याला आभाळातून मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मिळाली. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांना संघटित केलं आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या होत्या, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे विसावा हा लढ्याचा विषय आहे, हे महाराष्ट्राच्या कामगारांना तेव्हाच कळलं होतं, आणि त्या मागणीत बायांचा आवाज होता. पण गिरणी बंद झाली तरी चूल बंद झाली नाही. रविवारी सगळे घरी असतात, म्हणून त्या दिवशी कामाचा ढीग अधिकच मोठा असतो.

आता तर तो मिळवलेला रविवारही धोक्यात आहे. २०२३ मध्ये एका बड्या उद्योजकाने तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीप्रमुखाचं बोलणं बाहेर आलं. त्यात ९० तासांची भाषा होती आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा प्रश्न होता. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास आणि कारखान्यांत ९ वरून १२ तास करणाऱ्या दुरुस्त्यांना मंजुरी दिली. बारा तास बाहेर राबणाऱ्या माणसाचे कपडे, डबा, मुलं आणि म्हातारे आई-वडील कोण सांभाळणार, हे यातल्या कोणीही सांगत नाही. कारण उत्तर त्यांनी गृहीत धरलेलं आहे. आणि ती स्वतःच बारा तास कामावर असेल, तर तिने झोप कमी करायची.

आमच्या गटात आम्ही एक साधा खेळ घेतला. तुमच्या गटांत तो जरूर घ्या. प्रत्येकीला चोवीस शेंगदाणे दिले, एक दाणा म्हणजे एक तास. जमिनीवर खडूने घरं आखली. झोप, पाणी, स्वयंपाक, मजुरी, प्रवास, मुलं, आजारपण, सणवार, आणि शेवटचं घर 'स्वतःसाठी'. बायांनी दाणे वाटले आणि बहुतेकींचं शेवटचं घर रिकामं राहिलं. एकीने विचारलं, "ताई, हे घर कशाला काढलंत? यात काय टाकायचं असतं?" काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. मग आम्ही ठरवलं, की आठवड्यातून रविवारी संध्याकाळी दोन तास त्या घरात टाकायचे. त्या वेळात कोणी स्वयंपाक करायचा नाही. समाजमंदिराच्या पायरीवर येऊन नुसतं बसायचं.

तुम्हाला वाटेल, ही फार लहान गोष्ट आहे. पहिल्याच रविवारी एका घरात नवऱ्याने ताट भिरकावलं. "बाहेर बसायला वेळ आहे आणि भाकरी टाकायला नाही?" ती पुढच्या रविवारी आली नाही. मग सगळ्या मिळून तिच्या घरी गेल्या, भांडायला नाही, बसायला. त्याच्यासमोर चहा मागितला, आणि तो कोणी करायचा यावर बराच वेळ शांतता होती. शेवटी त्यानेच केला. ती परत येऊ लागली. बाई दोन तास काही न करता बसली की घरातली सत्ता हलते, हे आम्हाला तेव्हा कळलं. ऑक्टोबर १९७५ च्या २४ तारखेला आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं काम थांबवलं, आणि सगळा देश अडला. आमची पायरी काही आइसलँड नव्हे, पण गोष्ट त्याच जातीची आहे.

तर साधं आणि संथ जगायचं की नाही? जगायचं, आणि हट्टाने जगायचं. पण आपल्या अटींवर. घरात साधेपणाचा कोणताही निर्णय घेताना तीन प्रश्न विचारावेत, असं मी सुचवते. हा निर्णय कोणी घेतला? यात हात कोणाचे राबणार? आणि वाचलेला पैसा किंवा वेळ कोणाला मिळणार? तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या माणसांची निघाली, तर तो साधेपणा खोटा आहे.

खरा साधेपणा आपण आपल्या कामात आणू या. सणाला पाच पक्वान्नांऐवजी एक करू या. लग्न साधं करू या, त्यात कर्जही वाचतं आणि बायांचे पंधरा दिवसही वाचतात. इस्त्री, सजावट, पाहुण्यांसाठी जपलेली वेगळी भांडी यांतलं काय सोडता येईल ते बघू या. जेवण साधं असेल तर ते घरातल्या मुलालाही करता यावं, नाहीतर त्याला साधं म्हणू नये. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकेकीच्या चुलीपुढचे अदृश्य कष्ट तिथे व्यवसाय म्हणून जगापुढे आले. सामायिक स्वयंपाकघर, पाळणाघर, वस्तीत वेळेवर येणारं नळाचं पाणी, नेमाने धावणारी बस, या आपल्या संथ जगण्याच्या मागण्या आहेत. पाण्याची वेळ ठरलेली नसेल तर बाईचा अख्खा दिवस त्या नळाला बांधलेला असतो.

शेवटी, आपल्या संघटनेबद्दल थोडं. आपल्या बैठका रात्री साडेआठला का सुरू होतात? ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्या कार्यकर्त्या हळूहळू गळून पडल्या, आणि आपण म्हणालो, की त्यांची बांधिलकी कमी पडली. मोर्चा, केस, शिबिर, अंक, पुन्हा मोर्चा, या रेट्यात आपल्याच मैत्रिणी आजारी पडेपर्यंत थांबत नाहीत. वस्तीतल्या बाईला विसाव्याचा हक्क आहे असं म्हणायचं आणि आपल्या कार्यकर्तीला तो द्यायचा नाही, हे माझ्या घरातल्या खादीसारखंच झालं. माझी या शिबिरात ठोस सूचना आहे. बैठका संध्याकाळी सहाच्या आत संपाव्यात, बैठकीच्या जागी मुलांची सोय असावी, आणि प्रत्येक पूर्णवेळ कार्यकर्तीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी. त्या दिवशी तिला कोणी फोन करू नये. दुपारच्या सत्रात यावर चर्चा करून आपण निर्णय घ्यावा.

१८९० मध्ये त्या दोन कामगार बाया भर सभेत उभ्या राहून बोलल्या. त्यांची नावं आज आपल्याला सहज सापडत नाहीत. पण त्यांनी मागितलेली सुट्टी आपल्या घरापर्यंत अजून पोचायची आहे.

एवढं बोलून मी थांबते. येत्या रविवारी आमची पायरी भरलेली असेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर या, येताना काही करून आणू नका.